हटवलेली पोस्ट : सेन्सॉर की मुस्कटदाबी?

लसींविषयी शंका घेणाऱ्या पोस्ट फेसबुक किंवा यूट्यूबने हटवल्यास त्या कृतीला ‘सेन्सॉरशिप’ म्हणावे की ‘मुस्कटदाबी’, आणि त्या लिहिणाऱ्याला सरसकट ‘लसविरोधक’ म्हणणे योग्य आहे का, असा प्रश्न आला आहे.

‘मुस्कटदाबी’ हा शब्द घटना सांगण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. दाबणारा जुलमी आणि दाबला गेलेला निरपराध, हे त्यात गृहीतच असते. अग्रलेखात तो शोभेल, बातमीत नाही. ‘सेन्सॉर’ मात्र आपल्याकडे नाटक-सिनेमाच्या वाटेने रुळला. त्यासाठी शासकीय मराठीत ‘परिनिरीक्षण’ हा शब्द आहे (रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आठवावे), आणि प्रयोगापूर्वीची तपासणी व शासनाचा अधिकार या दोन्ही छटा त्याला चिकटलेल्या आहेत. यूट्यूबने सप्टेंबर २०२१ मध्ये कोविडपुरते असलेले धोरण वाढवून इतर मान्यताप्राप्त लसींविषयीच्या खोट्या दाव्यांच्या चित्रफितीही काढण्याचे ठरवले, तेव्हा यांपैकी एकही छटा लागू नव्हती. कंपनीने आपल्या नियमाने, प्रसिद्ध झालेला मजकूर हटवला, एवढेच म्हणणे पुरेसे होते. याउलट एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या कायदेशीर मागणीवरून ट्विटरने साथीच्या हाताळणीवर टीका करणारी काही ट्वीट भारतात दिसेनाशी केली, तिथे ‘सेन्सॉर’ हा शब्द मला बिनदिक्कत वापरता येतो.

खरी अडचण मधल्या प्रकरणांची आहे. बायडेन प्रशासनाने समाजमाध्यम कंपन्यांवर दबाव आणून कोविड आणि लसींविषयीचा मजकूर हटवायला लावला, असा दावा मिसुरी आणि लुइझियाना या राज्यांनी व काही व्यक्तींनी केला होता. २६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी, वादींना दाद मागण्याचा अधिकार सिद्ध करता आला नाही, असे सांगून त्यांच्या विरोधात निर्णय दिला. आरोप खरा की खोटा, हा निकाल त्यात झालाच नाही. त्यामुळे ‘न्यायालयाने सेन्सॉरशिप नाकारली’ हे वाक्य जितके चुकीचे, तितकेच ‘सेन्सॉरशिप उघड झाली’ हेही. ‘सरकारी दबावाने पोस्ट हटवल्याचा आरोप’ ही शब्दरचना लांबलचक असली, तरी नेमकी आहे. शिवाय ‘हटवलेली पोस्ट’ आणि ‘खोटी पोस्ट’ हे समानार्थी मानू नयेत : कोविडचा विषाणू मानवनिर्मित असल्याचा दावा फेसबुक फेब्रुवारी २०२१ पासून हटवत होते आणि मे महिन्यात त्यांनी ते थांबवले. दाव्याच्या खरेपणाचा निर्णय त्यातून झाला नाही. बदलला तो नियम.

आता ‘लसविरोधक’. इंग्लंडमध्ये १८५३ साली बालकांना देवीची लस सक्तीची झाली, तिच्याविरुद्ध संघटना उभ्या राहिल्या, आणि अखेर १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणाऱ्या पालकांना सूट मिळाली. त्या चळवळीतल्या लोकांना हा शब्द चपखल बसतो. परंतु बाळाला ताप येईल म्हणून डोस पुढे ढकलणाऱ्या आईला तो लावणे अन्यायाचे आहे. अशा वागण्याला इंग्रजीत ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ म्हणतात. लस उपलब्ध असूनही ती घेण्यास होणारा विलंब किंवा नकार, अशी तिची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने केली होती, आणि तिच्यातल्या विलंबासाठी आपल्याकडे ‘चालढकल’ हा सुरेख शब्द तयार आहे. ‘लससंकोच’ असा जोडशब्द करण्याचा मोह होईल, पण मराठीत संकोच भिडेपोटी वाटतो, भीतीपोटी नव्हे. व्यक्तीसाठी ‘लसीबाबत साशंक’ म्हणावे. ‘संशयवादी’ म्हटल्यास तत्त्वज्ञानातला एक पंथ डोळ्यांसमोर येतो.