गोळी घेऊन सोडली तर ती खरी सोडली का?

यावेळी चार पत्रं एकाच विषयावर आलीत, दारू सुटल्यावर परत सुरू होऊ नये म्हणून ज्या गोळ्या असतात त्यांच्याबद्दल. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच.

प्रश्न: मॅडम नमस्कार, आम्ही धनकवडीत राहतो. माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, रांजणगावला कंपनीत आहेत. पाच वर्षांत तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात भरती करून झालं. आत असले की एकदम छान, बाहेर आले की दोन महिने, फार तर तीन. मागच्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक बघायला म्हणून गेले ते पहाटे दोघांनी धरून आणले. माझ्या जावेच्या भावाला डॉक्टरांनी नालट्रेक्झोन म्हणून गोळी दिलीये, तो वर्षभर चांगला आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले त्या भानगडीत पडू नका, लिव्हरवर जाते. केंद्रातले सर म्हणाले गोळीच्या जोरावर सोडली तर ती खरी सोडलीच नाही, मनानं सोडायला पाहिजे. आता खरं काय धरायचं?

उत्तर: ताई, तुमच्या दोन सल्लागारांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात आणि तुम्हाला त्या एकच वाटतायत, म्हणजे "गोळी नको". तसं नाहीये. डॉक्टरांना काळजी वाटतेय ती शरीराची, तिला रिपोर्ट काढून उत्तर देता येतं. सरांचं म्हणणं हे मत आहे आणि त्याला कुठला रिपोर्ट उत्तर देणार.

आधी लिव्हरचं बघू. नालट्रेक्झोनवर अमेरिकेत खरंच अनेक वर्षं लिव्हरचा कडक इशारा छापलेला असायचा, तो नेहमीच्या डोसच्या कितीतरी पट जास्त डोस दिलेल्या पेशंटांवरून आला होता आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं तो ठळक इशारा काढून टाकला. तरी कावीळ चालू असेल, हिपॅटायटिस असेल, लिव्हर अगदीच खराब झालं असेल तर ही गोळी देत नाहीत आणि देऊही नये. म्हणून सुरू करायच्या आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायची, मग मधूनमधून परत करायची. जपून द्यायची म्हणजे एवढंच. आणि ज्या लिव्हरची आपण एवढी काळजी करतोय त्याला रोजची क्वार्टर काय करतेय हे पण त्याच पानावर लिहायला नको का?

गोळी काय करते ते सांगते. दारू पोटात गेली की मेंदू स्वतःचंच अफूसारखं एक रसायन सोडतो, ते ज्या कुलपात जाऊन बसतं तिथे ही गोळी आधीच जाऊन बसलेली असते, त्यामुळे प्यायलं तरी ती मजा येत नाही आणि हळूहळू तलफही उतरते. दारू प्यायल्यावर उलट्या होतात ती गोळी वेगळी, तिचं पुढच्या उत्तरात येईल. माझ्याकडे सिंहगड रोडचा एक पेशंट यायचा, त्याच्या घराच्या वाटेवर वाइन शॉप होतं म्हणून तो रोज एक स्टॉप आधी उतरून लांबून चालत जायचा, पावसातसुद्धा. गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले असतील, एकदा बायकोबरोबर आला आणि म्हणाला, मॅडम काल झोप लागली बसमध्ये, दुकानासमोरच उतरलो, दुकान दिसलं पण त्यानं मला हाक नाही मारली. त्याची बायको तोंडाला पदर लावून रडत होती. सगळ्यांना असा गुण येत नाही, ते पण सांगते.

२०२३ मध्ये मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सगळ्या चाचण्यांचा एकत्र हिशोब आला, त्यात नालट्रेक्झोनची ५० मिलिग्रॅमची गोळी साधारण ११ जणांना दिली की त्यातल्या एकाचं परत जोरात पिणं गोळीमुळे टळतं, आणि अजिबात थेंबही न घेण्याचं म्हणाल तर १८ जणांमागे एक. अकॅम्प्रोसेट नावाची दुसरी गोळी आहे, तिच्यात अजिबात न पिण्यासाठी ११ जणांमागे एक. उरलेल्यांपैकी काही गोळीशिवायही थांबले असते, काहींना उपयोग होत नाही. आकडा लहान वाटेल, पण बीपी-कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं निमूट घेतो त्यांचे आकडे बरेचदा याहून वाईट असतात, तिथे कोणी विचारत नाही की मनानं का नाही बीपी कमी केलं. अकॅम्प्रोसेट लिव्हरवर जात नाही, ती किडनीतून बाहेर पडते, त्यामुळे तिच्यासाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघायचं, आणि दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या घ्यायला लागतात, बरेच जण तिथेच कंटाळतात.

आता सरांचं. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी उभं केलं, तेव्हापासून या शहरात गटात बसणं, एकमेकांसमोर खरं बोलणं, घरच्यांना बरोबर घेणं हे रुजलंय आणि त्याचं मोल मला नीट माहितीये. माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसं मी पाहिलीयेत, त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण माळ घालूनही ज्याला रात्री दोन वाजता तलफ उठवून बसवते त्याला काय सांगायचं, तुझा निर्धार कच्चा? तुमच्या मिस्टरांनी तीनदा निर्धार केलाच की. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा गट, त्याच्या काही मीटिंगांमध्येही गोळी घेणाऱ्याकडे वाकडं बघतात, खरं तर एएची स्वतःची भूमिका अशी आहे की कुठल्याच मेंबरानं डॉक्टरकी करू नये. गोळी आणि गट यांत निवड करायची नसतीच, दोन्ही चालू ठेवायचं.

मला आमच्याच डॉक्टर लोकांचा राग येतो तो इथे. नालट्रेक्झोनला अमेरिकेत दारूसाठी मान्यता मिळाली १९९४ मध्ये. २००६ मध्ये १३८३ पेशंटांची मोठी चाचणी आली, तिच्यात दिसलं की साध्या डॉक्टरी फॉलो-अपबरोबर ही गोळी दिली तरी गुण येतो, म्हणजे मोठ्या तज्ज्ञाकडेच जायला पाहिजे असं नाही. (त्याच चाचणीत अकॅम्प्रोसेटचा फायदा दिसला नाही, युरोपातल्या चाचण्यांत दिसला होता, म्हणून मी ती दारू आधीच बंद झालेल्या पेशंटलाच देते.) २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्ही औषधं दारूच्या व्यसनासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये एम्सनं देशभराच्या सर्व्हेचा रिपोर्ट दिला, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळतो. एकाला! सदतीस जण नुसते उभे आहेत आणि आम्ही सावधगिरी म्हणतोय. औषध देऊन काही झालं तर ते डॉक्टरच्या नावावर लागतं, न देता माणूस गेला तर ते दारूच्या नावावर, म्हणून न देणं सोपं जातं, मी पण नवीन असताना तेच केलंय.

तुम्ही असं करा. ससूनच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत त्यांना घेऊन जा, नाहीतर कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे. एलएफटी, क्रिएटिनिन करून ठेवा. ते काय काय गोळ्या खातात त्याची यादी न्या, पाठदुखीची ट्रामाडॉल किंवा कोडिनचं कफ सिरप असेल तर आधी सांगा, कारण त्यावर नालट्रेक्झोन दिली तर माणूस तासाभरात तडफडायला लागतो, असं अफूच्या जातीचं औषध बंद करून सात ते दहा दिवस जायला लागतात. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर शांतपणे विचारा, की रिपोर्टमध्ये काही आहे म्हणून नाही म्हणताय, का तुम्हाला गोळी पटत नाही म्हणून? रिपोर्टमुळे असेल तर ऐका. पटत नसेल तर दुसरा डॉक्टर बघा, तुमचा तो हक्क आहे. आत्ता रोज पीत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं, ते पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि बी-वन जीवनसत्त्व घेऊनच काढायचे. गोळी निदान सहा महिने, बरेचदा वर्षभर. सुरुवात गणपतीच्या आधी झाली तर बरं.

प्रश्न: माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे, दवाखान्यात यायलाच तयार नाही. हडपसरला एक जण पावडर देतात, नकळत आमटीत घालायची म्हणजे दारू सुटते म्हणतात. देऊ का? पावडरवर नाव काही नाही.

उत्तर: काकू, नका देऊ. आजपासून नाही, हे वाचताय तेव्हापासून.

नाव नसलेल्या अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकतं, मगाशी म्हटलं ते उलट्यांचं औषध. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये दोन संशोधक जंतावरचं औषध म्हणून ते स्वतःवर करून बघत होते, दारू घेतल्यावर दोघांचेही चेहरे लालबुंद झाले, उलट्या व्हायला लागल्या, त्यातून हे औषध निघालं. दारू पचताना मध्ये एक विषारी पदार्थ तयार होतो, तो पुढे फुटायचा हे औषध थांबवतं, तो रक्तात साठतो, छाती धडधडते, बीपी पडतं. सुरुवातीला डॉक्टरांनी मोठमोठे डोस दिले आणि त्यात माणसं दगावली. म्हणजे इथे सावधगिरी पुस्तकातून नाही आलेली, मेलेल्या पेशंटांकडून आलीये.

तुमचा मुलगा आमटी खाऊन मित्रांबरोबर बसला आणि त्याला माहीतच नाही, तर तिथे कोण त्याला सांभाळणार? ज्याला माहितीये, ज्याला स्वतःला हवंय, हार्ट चांगलं आहे, घरचं कोणी रोज सकाळी समोर गोळी देतंय, त्याला डायसल्फिरामनं खरंच मदत होते. पण तो माणूस तयार पाहिजे, त्यानं शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास काढलेले पाहिजेत, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो, कफ सिरप आणि आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलचा सुद्धा. आणि एक गोष्ट मी आई म्हणून सांगते, उद्या त्याला कळलं की आईनं जेवणात घातलं होतं, तर तो तुमच्या हातचं खाणं सोडेल, मग तुम्ही त्याला कशाच्या जोरावर दवाखान्यात नेणार? तो येत नसेल तर तुम्ही एकट्या या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: मी बॅक्लोफेनबद्दल वाचलं, एका फ्रेंच डॉक्टरनं स्वतःवर प्रयोग करून दारू सोडली म्हणे. ओळखीच्या मेडिकलमधून आणून मी दोन आठवडे स्वतःच वाढवत नेतोय, आत्ता दिवसाला ९० मिलिग्रॅम. तलफ कमी झालीये पण दिवसभर झोप येते. अजून वाढवू का? (कोथरूड)

उत्तर: वाढवू नका, आणि घाबरून एकदम बंद पण करू नका, बॅक्लोफेन अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील. तोपर्यंत गाडी चालवू नका, आणि त्याच्यावर दारू तर अजिबातच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. ऑलिव्हिए आमेसां, हृदयरोगतज्ज्ञ, स्नायू सैल करायचं हे जुनं औषध त्यांनी स्वतः दिवसाला २७० मिलिग्रॅमपर्यंत घेतलं आणि २००४ मध्ये स्वतःचीच केस छापली. अनेक वर्षं त्यांना कोणी धड विचारलं नाही, आणि मला वाटतं ते चुकलंच, पेशंट सांगतोय की तलफ गेली तर आधी ऐकून तर घ्या. मग २०१४ मध्ये फ्रान्सनं तात्पुरती परवानगी दिली, मोठ्या डोसचीसुद्धा. आणि मग २०१७ मध्ये तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदी तपासल्यावर मोठ्या डोसवाल्यांमध्ये भरती व्हायचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. २०१८ मध्ये कायमची मान्यता मिळाली तेव्हा मर्यादा ठेवली दिवसाला ८० मिलिग्रॅम. तुम्ही आत्ताच तिच्या वर आहात, आणि तुमची किडनी कशी आहे ते कोणी बघितलेलंच नाही, किडनी कमजोर असेल तर हे औषध अंगात साठत जातं. तलफ कमी झाली ही चांगलीच गोष्ट आहे, ती लपवू नका, डॉक्टरांना सांगा. सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेल्या पेशंटांना मी स्वतः हे देते, पण फार थोडं.

प्रश्न: पाच महिने नालट्रेक्झोन चालू आहे, पाच महिने थेंब नाही. आता हर्नियाचं ऑपरेशन आहे. सर्जनना सांगायची लाज वाटते, ते सासऱ्यांच्या ओळखीचे आहेत. नाही सांगितलं तर चालेल?

उत्तर: नाही चालणार दादा. पाच महिने, काय सुंदर गोष्ट आहे ही! पण ऑपरेशननंतर दुखायला लागलं की ते तुम्हाला ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखं काहीतरी देणार आणि तुमच्या गोळीमुळे त्याचा उपयोगच होणार नाही, तुम्ही कळवळत पडणार आणि नर्सला वाटणार हा उगाच ओरडतोय, किंवा ते डोस वाढवत नेणार आणि ते जास्त धोक्याचं. साधारण ७२ तास आधी गोळी थांबवावी लागते, पण ते तुम्ही मनानं नाही करायचं, भूल देणारे डॉक्टर आणि तुमचे मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलून ठरवतील. सासऱ्यांना कळायची भीती असेल तर भूलतज्ज्ञांना एकट्याला भेटायला मागा, पेशंटची माहिती बाहेर सांगायची नाही हे त्यांच्यावर बंधन आहे. ऑपरेशननंतरच्या गुंगीच्या गोळ्या घरी बायकोच्या हातात द्या, आणि नालट्रेक्झोन परत कधी सुरू करायची ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको, कारण त्या मधल्या आठ-दहा दिवसांत माणूस सैल पडतो. एक चिठ्ठी आत्ताच करा, "मी नालट्रेक्झोन घेतो" एवढंच आणि डोस, लायसन्सच्या मागे ठेवा. कात्रज घाटात गाडी घसरली आणि तुम्ही बेशुद्ध असलात तर ती चिठ्ठीच बोलेल.