ढाळ, उतार का तिरपं?

नांदेडला सिव्हिलला असलेल्या एका पोरानं विचारलंय. त्याच्या प्रोजेक्टात 'स्लोप्ड फायर कंपार्टमेंटेशन' आलंय, म्हणजे जिना नि रॅम्पच्या खालून आग अडवणारी जी तिरपी हद्द जाते ती सॉफ्टवेअरमधे दाखवायची, आणि रिपोर्टात त्यानं लिहिलंय 'उतार अग्नि विभागीकरण'. चालंल का म्हणून विचारायलाय.

चालंल रे, पण कळणार कुणाला?

कंपार्टमेंटला आपल्या घरातलाच शब्द आहे, खण. माळवदाचं घर केवढं विचारलं तर म्हातारी माणसं स्क्वेअर फूट सांगत नव्हती, 'पाच खणाचं' म्हणायची, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ट्रंकेत बी खणच. मग एका खणातली आग ठरलेला वेळ, समजा दोन तास, शेजारच्या खणात जाऊ द्यायची नाही, इतकं सोपं आहे.

पण खण ही झाली जागा, आणि तू मॉडेलमधे काढायलास ती हद्द. सॉफ्टवेअरचा घोळ पण नेमका इथंच आहे बघ. रेव्हिट म्हणजे इमारतीचं 3D मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, त्यात रूमला भिंत, फ्लोअर, सीलिंग अडवतात, जिना अडवत नाही, त्यामुळं जिन्याखालच्या स्टोअरची रूम जिन्यातून आरपार वर निघून जाते. आयएफसीत, म्हणजे एका सॉफ्टवेअरचं मॉडेल दुसऱ्यात न्यायच्या फाइल फॉरमॅटात बी, भिंतीला नि स्लॅबला 'कंपार्टमेंटेशन' असा हो-नाहीचा रकाना आहे, जिन्याच्या नेहमीच्या यादीत फायर रेटिंग, म्हणजे किती वेळ आग अडवणार ते, सापडतं पण हा रकाना नाही. म्हणून लोकं वेस्ट स्लॅबच्या, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरप्या स्लॅबच्या, खाली एक पातळ तिरपं फ्लोअर काढून त्यालाच रेटिंग लावतात. आता या पातळ चीजेला विभागीकरण कसं म्हणावं? ती पडदी आहे. पडदी उभी असते हे खरं, तरी 'तिरपी पडदी' म्हटलं की चित्र लगेच डोळ्यापुढं येतं.

आता उतार. तो कुठं उभं राहून बघता त्यावर असतो, खालच्या माणसाला तोच चढ. मिस्त्री लोकांचा शब्द ढाळ. आमच्या लातूरच्या घराच्या गच्चीला ढाळ दिलाय का म्हणून वडलांनी विचारलं तर गुत्तेदार म्हणला दिलाय की, मंग मिस्त्रीनं बादलीभर पाणी ओतलं आणि ते पाइपाकडं जायचं सोडून जिन्याच्या दारात आलं, गुत्तेदार खाली मान घालून मोबाइल बघत बसला. तर ढाळ म्हणजे हलका, मुद्दाम काढलेला, पाणी सरकंल एवढा. व्हीलचेअरचा रॅम्प 1:12 चा, बारा फुटांत एक फूट, त्याला ढाळ शोभतो. जिन्याचं तसं नाही, 150 मिमीचा रायझर (पायरीची उंची) नि 300 चा ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) धरला तर दोनास एक होतं, त्याला कोणी मिस्त्री ढाळ म्हणणार नाही, तिरपंच म्हणंल. शिवाय जुन्या माणसांत ढाळ म्हणजे जुलाब पण असतात, तेव्हा 'ढाळाची आग' असलं काही शीर्षक देऊ नको, व्हायवात हसतील.

मी लिहिलं असतं तर 'जिन्याखालची तिरपी अग्निरोधक पडदी' आणि 'रॅम्पखालची ढाळाची पडदी'. रॅम्प, रेटिंग आहे तसंच ठेव. जिना तरी कुठं आपला, फारसीतून आलाय, म्हणून काय कुणी सोपान म्हणतं का.

फाइलमधली नावं मात्र इंग्रजीतच राहू दे, फायर कन्सल्टंट पुण्याचा असो का हैदराबादचा, 'पडदी' सर्च करणार नाही.