पाच हिवाळे टिकणारे बूट

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे एक वाक्य हमखास येतं. उष्ण प्रदेशातून बर्फाच्या देशात राहायला गेलेली माणसं सल्ल्यासाठी मला व्हिडिओवर भेटतात आणि पहिल्या दहा मिनिटांत म्हणतात, "माझं शरीरच या थंडीसाठी नाही हो." कुणी शिकायला गेलेलं असतं, कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन. वाक्य तेच. यंदा महिन्याभरात ते चौथ्यांदा ऐकलं, म्हणून गेल्या हिवाळ्यातली एक हकिकत सांगायला बसले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात-आठ भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलंय.

ती तिशीतली, नव्या नोकरीसाठी तिकडे गेलेली. पहिल्या भेटीत पडद्यावर दिसली तीच लोकरी टोपी घालून. घरात, हीटर चालू असताना. तिच्याकडे भर दुपार होती, पण खिडकीचे पडदे ओढलेले आणि डोक्यावर ट्यूबलाइट. पडद्याच्या कडेने तेवढी पांढऱ्या उजेडाची एक उभी रेघ आत आली होती. बोलताना माझी नजर सारखी त्या रेघेकडे जात होती.

"पडदे का लावलेत?"

"बर्फ दिसला की आणखी हुडहुडी भरते."

"दिवसभरात बाहेर किती वेळ असता?"

"गाडीपर्यंत जाण्याइतकाच. दोन मिनिटं. अजून ११८ दिवस ढकलायचेत."

फोनवर तिने दिवस मोजायला लावले होते. सकाळी डोळे उघडले की आधी तो आकडा बघायचा. मी विचारलं, "या ११८ दिवसांत तुमचं वय वाढायचं थांबणार आहे का?" ती हसली नाही. प्रश्न आगाऊ होता, कबूल.

माझा पिंड आधी पाय हलवायचा, मन मागून येईल, असा आहे. त्यामुळे बालपणात शिरण्याआधी मी पडद्यांत शिरले. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण बसायच्या खोलीत उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढगाळ हिवाळी दुपारीही तो काही हजारांत जातो, आणि ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो. म्हणजे ज्या बर्फाला ती तोंड दाखवायला तयार नव्हती, तोच तिच्या वाट्याचा उजेड वाढवत होता. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. तो मिळाला नाही की झोप लांबते, अंग जड होतं, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या हिवाळी उदासीचं रीतसर वर्णन केलं, तेव्हापासून हा नुसता आळस नव्हे हे वैद्यकाला मान्य आहे. ही लक्षणं दोन आठवडे हटली नाहीत, किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर माझ्यासारखीच्या गप्पांवर विसंबू नका, डॉक्टर गाठा. त्यासाठीचे १०,००० लक्सचे दिवे मिळतात, सकाळी अर्धा तास त्यांच्यासमोर बसायचं असतं. पण डोळ्यांचा आजार असेल किंवा मन कधी टोकाच्या उत्साहात जात असेल, तर तोही डॉक्टरांना विचारूनच.

तिला एवढंच सांगितलं की उठल्यावर तासाभरात दहा मिनिटं बाहेर जायचं. आवडायला हवं अशी अट नाही.

दुसऱ्या भेटीत ती तक्रार घेऊनच आली. "गेले. पाय बधिर झाले. तुमचं ऐकून काही होत नाही."

"पायात काय होतं?"

नेहमीचेच कापडी बूट, आत दोन जोड मोजे, तेही सुती. अंगात सुती बनियन, त्यावर एकच जाडजूड कोट. इथे जरा थांबते, कारण थंडी सोसत नाही म्हणणाऱ्या निम्म्या माणसांची गोष्ट इथेच असते. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून नेतं. अंगालगत लोकरीचा किंवा घाम सुकवणाऱ्या कापडाचा थर हवा, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा. दोन मोजे कोंबून बूट आवळले की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बुटात बोटं हलली पाहिजेत. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे उबदार. निसरड्यावर बदकासारखं छोटी पावलं टाकत चालायचं, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. आणि शरीर शिकतं. रोज थोडा वेळ थंडीत काढला तर दोनेक आठवड्यांत कुडकुडणं कमी होतं, पहिल्या दिवसाची बोच राहत नाही. "माझं शरीरच यासाठी नाही" हे वाक्य बहुतेक वेळा त्या दोन आठवड्यांच्या आधी बोललेलं असतं.

कपडे बदलले, पडदे उघडले, झोप सुधारली. बूट मात्र तेच. तिसऱ्या भेटीत विचारलं, चौथ्या भेटीत विचारलं. वेळ नाही झाला, माप नव्हतं, महाग आहेत. मला वाटलं कंजूषपणा असेल. पाचव्या भेटीत मी चिडूनच म्हटलं, "दुकानात गेला होतात ना? काय झालं ते सगळं सांगा. पाय घातलात तिथपासून."

ती सांगू लागली. माप बरोबर बसलं. आत लोकर होती, चार पावलं चालून पाहिली, बरं वाटलं. विक्रेत्याने तळवा वाकवून दाखवला आणि म्हणाला, चांगला माल आहे, पाच हिवाळे तरी बघायला नको.

"मग?"

"मग काढून ठेवले."

"का?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. तोवर सवयीने घातलेली टोपी तिने काढली आणि हातात धरली. "पाच हिवाळे मी इथे असणारच नाहीये," ती म्हणाली. आणि मग, हळू, "इथे बरं वाटायला लागलं तर मी परत जाईन का?"

वीसेक वर्षं हे काम करतेय. प्रश्न ऐकताच माझ्या आधीच्या कितीतरी केसेस जागेवर बसल्या. एकाने दोन वर्षं स्वेटर उसने घेतले होते. एकीने घराला जाड पडदेच लावले नव्हते, "कशाला, तात्पुरतं तर आहे." मी त्यांना थर आणि मोजे शिकवत बसले होते. थंडीचा राग ही त्यांची मागे राहिलेल्या माणसांशी राखलेली इमानदारी होती. तिकडची माणसं फोनवर विचारतात, "फार थंडी आहे का गं?" आणि "हो, नकोसं झालंय" म्हटलं की दोन्हीकडच्यांना बरं वाटतं. "मजा येतेय" म्हणायची चोरी. अशा माणसाला कितीही उबदार बूट दाखवा, ते पायात जाणार नाहीत.

मी तिला दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्या. परत जायचं की नाही हा निर्णय वेगळा, तो नोकरी, माणसं, पैसा बघून घ्यायचा. आजचे पाय गरम ठेवणं वेगळं. गारठलेल्या पायांनी घेतलेला परतीचा निर्णयही धड नसतो. आणि घरच्यांना फोनवर आठवड्यातून एक चांगली गोष्ट सांगायची, नुसतीच थंडीची नाही. हे दुसरं तिला बुटांपेक्षा जड गेलं. आई गप्प झाली, असं तिने सांगितलं. मग पुढच्या फोनला आईनेच विचारलं, बर्फ पडताना आवाज येतो का? येत नाही, उलट आजूबाजूचेही आवाज दबतात, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मला बोलण्यावर एवढा भरवसा का, असं विचाराल तर अमेरिकेच्या व्हरमाँट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ केली रोहन यांचा अभ्यास बघा. हिवाळी उदासीच्या १७७ जणांपैकी काहींना दिव्याचा उपचार दिला, काहींना विचार आणि वागणं बदलायचे वर्ग. त्याच हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी पडले. पण २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, उपचारानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात उदासी परतली ती दिव्यावाल्या सुमारे ४६ टक्क्यांत आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे २७ टक्क्यांत. दिवा वाईट नाही, मीही सुचवते. पण तो दरवर्षी लावावा लागतो.

दिवस मोजायची तिची सवय मी मोडली नाही, मोजायला दुसरं दिलं. रोजची सूर्यास्ताची वेळ लिहायची. उत्तर गोलार्धाच्या मध्य पट्ट्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवसाच्या, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या, आधीच होऊन जातो. त्यामुळे कडाका अजून यायचा असतानाच संध्याकाळी लांबायला लागलेल्या असतात. तिला हे खरं वाटलं नाही. तिने आठवडाभर लिहून काढलं आणि मला मिनिटं वाचून दाखवली, मी काही चुकीचं सांगितलंय का ते बघायला.

बूट तिने जानेवारीत घेतले. मला सांगितलं नाही. फेब्रुवारीत निरोप आला: "रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे बुटांवर पांढरे डाग पडलेत. कशाने जातात?" मला माहीत नव्हतं, तसं कळवलं. तासाभराने तिचाच दुसरा निरोप. शेजारच्या बाईंना विचारलं, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायचे.