विंडोज ११ नंतर लॅपटॉप मंदावला : ५८ हजारांचा नवा घ्यावा, की दहा हजारांत जुना दुरुस्त करावा?

प्रश्न : मी सांगलीत घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम करते. माझा लॅपटॉप २०१९चा आहे (आठव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, १ टीबी हार्ड डिस्क). दोन महिन्यांपूर्वी त्यावर विंडोज ११ घेतले, तेव्हापासून तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात. दुकानदार ५८,००० रुपयांचा नवा लॅपटॉप बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर क्रेडिट कार्डाने घ्या म्हणतो, वर त्यात करही वाचतो असे सांगतो. दुरुस्तीवाला एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), ८ जीबी रॅम आणि मजुरी धरून १०,३०० रुपये मागतो. अडीअडचणीसाठी ठेवलेली एक लाखाची मुदत ठेव मोडून नवा लॅपटॉप रोखीने घ्यावा, असेही वाटते. काय करावे?

उत्तर : नवा लॅपटॉप सध्या घेऊ नये आणि ठेव तर मुळीच मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दुरुस्तीवाल्याला पैसे देण्यापूर्वीही अर्धा तास खर्च करून दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे, कारण त्यावरच हे दहा हजार कारणी लागणार की वाया जाणार, हे ठरेल.

लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसरचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि डिस्कच्या रकान्यात मात्र सतत १०० टक्के दिसत असेल, तर आपला प्रोसेसर दमलेला नाही, तो डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत बसला आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून एक सूक्ष्म डोके माहिती वाचत असते आणि विंडोज ११ पार्श्वभूमीला असंख्य बारीकसारीक फायली एकाच वेळी मागत असल्याने ते डोके सारखे इकडून तिकडे धावत राहते. त्यातच ४ जीबी रॅम ही मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि एक्सेल एकदम उघडले, की ती संपते आणि विंडोज उरलेला भार त्याच संथ डिस्कवर टाकते. आपल्या वर्णनावरून मला हेच घडत असावे असे वाटते, आणि तसे असेल तर एसएसडी व रॅम हा नेमका उपाय ठरतो.

त्याआधी फुकटचे उपाय उरकून घ्यावेत. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीतून अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा, प्रलंबित अपडेट पूर्ण होऊ द्यावेत आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ साठीचे ड्रायव्हर घ्यावेत. एवढ्याने काम भागले तर उत्तमच, पण ४ जीबीवर मला फारशी आशा नाही. विंडोज १० वर परतण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. परतण्याची सोपी सोय अपग्रेडनंतर साधारण दहा दिवसच असते, आणि त्या आवृत्तीचा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या यंत्रात लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत, त्यावर जुनी प्रणाली चालवणे इष्ट नाही.

आता हप्त्यांकडे पाहू. ‘नो कॉस्ट’ हे नाव मला कधीच पटलेले नाही, आणि बिनव्याजी कर्ज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्यवहारात व्याजाइतकी रक्कम किमतीतून सवलत म्हणून वजा दाखवतात आणि बँक ते व्याज हप्त्यातून वसूल करते. कार्डाच्या हप्त्यांतील त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क वेगळे द्यावे लागते. वार्षिक १६ टक्के दर धरला, तर आपल्या व्यवहारात व्याज सुमारे ४,७०० रुपये आणि त्यावरचा कर सुमारे ८५० रुपये होतो. ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. खरा प्रश्न दरमहा ४,८३३ रुपयांचा आहे, कारण आपल्याकडे दुकानदारांचे पैसे मागेपुढे येतात आणि एक हप्ता चुकला, तर कार्डाचे व्याज व दंड मिळून ही सगळी ‘सवलत’ गिळून टाकतात. रोखीने घेतल्यास किती कमी कराल, एवढे दुकानदाराला जरूर विचारून पाहावे. उत्तरावरून बरेच कळते.

करबचतीचा मुद्दाही तपासून घ्यावा. नियमित हिशेबवह्या ठेवणाऱ्यांना संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा (वापराने घटलेल्या किमतीची उत्पन्नातून वजावट) मिळतो, खरेदीच्या वर्षातील वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना उत्पन्न मानून, विवरणपत्र भरत असाल, तर घसारा आधीच धरलेला असतो आणि लॅपटॉप घेतल्याने कर एका रुपयानेही कमी होत नाही.

दुरुस्तीचे ठरल्यास वेळ सांभाळावी. महिन्याच्या ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे आटोपल्यावरच यंत्र द्यावे, आणि त्यापूर्वी टॅलीचा संपूर्ण बॅकअप दुसऱ्या ठिकाणी घेऊन तो उघडतो की नाही, हे स्वतः पाहावे. रॅमची जागा मोकळी आहे की रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, हे दुरुस्तीवाल्याला आधी विचारावे. मेमरीचे भाव २०२५च्या अखेरीपासून बरेच चढले आहेत, त्यामुळे सांगितलेला आकडा कोणत्या तारखेपर्यंत चालेल, तेही लिहून घ्यावे. रॅम आत्ता फारच महाग पडत असेल, तर आधी फक्त एसएसडी बसवावी. सुरू होण्यातला बहुतेक फरक तिनेच पडतो. एसएसडीवर कंपनीची हमी असलेले पक्के बिल घ्यावे. जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडू नये. तिच्यात आपल्या सगळ्या ग्राहकांची माहिती आहे. काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवून ती बॅकअपला वापरता येईल.

बिजागरी तुटलेली असेल, बॅटरी फुगलेली असेल, मदरबोर्ड अधूनमधून दगा देत असेल किंवा दुरुस्तीचा आकडा वीस हजारांकडे सरकत असेल, तर माझे मत बदलेल आणि त्या स्थितीत नवा लॅपटॉप घेणेच योग्य ठरेल. तशी वेळ आज नसली, तरी सात वर्षांचे यंत्र कधीतरी बदलावेच लागणार आहे. म्हणून दुरुस्तीनंतरच्या महिन्यापासून दरमहा २,००० रुपयांचे आवर्ती ठेव (आरडी) खाते उघडावे. दोन वर्षांत व्याजासह पन्नास हजारांहून थोडी अधिक रक्कम उभी राहील, आणि एक लाखाची ठेव आजारपणासाठी किंवा काम मंदावलेल्या महिन्यांसाठी तशीच शाबूत राहील.