काही हिंदू दहन करतात, काही पुरतात. यातलं खरं हिंदू कोणतं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या ओळखीतलं एक घर मटण खातं, दुसरं कांदाही खात नाही. एक अग्नी देतं, दुसरं पुरतं, तर खरा हिंदू कोण? मी बेळगाव तालुक्यातला. आमच्या गल्लीत हे सगळं शेजारी शेजारी चालतं.

शेजारचे लिंगायत आजोबा वारले तेव्हा त्यांना मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग तळहातावर ठेवलं आणि तसंच बसल्या स्थितीत बेलपत्रं घालून पुरलं. सुतक त्यांच्यात मानत नाहीत. आमच्या मराठा घरात दहन होतं, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. जेवणाचंही तसंच. माळकरी भाऊ मटणाला शिवत नाही, सख्खा भाऊ महालक्ष्मीच्या यात्रेत पाहुण्यांना मटण वाढतो. मात्र यात्रेआधी गावाने वार पाळायचं ठरवलं की त्या दिवशी औत कुणीच धरत नाही.

हिंदू कोण याची टिळकांनी केलेली व्याख्या अशी: वेद प्रमाण मानणं, साधनं अनेक असणं, उपास्याचा नियम नसणं. सुप्रीम कोर्टाने 1966 मध्ये तिचा आधार घेतला. पण ती आमच्या शेजाऱ्यांना नीट बसत नाही. बाराव्या शतकात लिंगायत ज्यांना मानतात त्या बसवण्णांनी आणि त्यांच्यासोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, वेदांचं प्रामाण्य नाकारलं. तरी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वीरशैव आणि लिंगायत ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. 2018 मध्ये कर्नाटक सरकारने लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा देण्याची शिफारस केली, ती केंद्राने मानली नाही. लिंगायतांतच याबद्दल दोन मतं आहेत. आपण हिंदू की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे आमच्याकडे माणसाला काय मानतोस असं विचारत नाहीत, कुलदैवत कोणतं विचारतात. बाकीचं त्यावरून बरंचसं कळतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सौंदत्तीच्या यल्लम्माला माझी आईही जाते, जोगुळभावीत अंघोळ करून भंडारा उधळते, ‘उदो गं आई’ म्हणते. तिची श्रद्धा मला प्रिय आहे. पण त्याच देवीच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या जात. कर्नाटकाने 1982 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. ‘हिंदू धर्मात विविधता असते’ म्हणून कुणी त्याची पाठराखण करू लागलं तर मी तिथेच अडवतो. त्यात त्या मुलींना कुणी विचारलेलंच नव्हतं.