एकटीला विचार

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एकाच गावचे दोन पेशंट, दोघांच्याही मेंदूतली गाठ नागपूरला काढली, दोघांचीही ऑपरेशनं तारीख घेऊन, ठरवून झाली. माणूस तिसऱ्या आठवड्यात पानठेल्यावर दिसू लागला. बाईला मात्र दीड महिना उलटला तरी वाकलं की घेरी येते, सकाळी मळमळतं. आणि सासू म्हणते, "कामाच्या वक्तीच बरं दुखते इचं डोस्कं." यावर तू मला विचारतोस, "मॅडम, बायकांची रिकव्हरी स्लोच असते का? हो की नाही तेवढं सांगा."

हो की नाही मागायला तू काय कोर्टात बसला आहेस? आरोग्य अधिकारी आहेस तू त्या गावचा. पण विचारलंस म्हणून सांगते. फरक असतो. 2001 साली ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. बायका भुलेतून पुरुषांपेक्षा लवकर जाग्या होतात, पण पूर्ववत व्हायला त्यांना जास्त दिवस लागतात, असं त्यात दिसलं. तो काही नुसत्या मेंदूच्या ऑपरेशनांचा अभ्यास नव्हता, पण न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात मी हेच पाहत आले. बाई पटकन डोळे उघडते, नाव सांगते, हात दाबून दाखवते. डॉक्टर खूश, नातेवाईक खूश. आणि संध्याकाळी तिच्या उलट्या थांबत नाहीत.

उलट्यांचं गणित तर तुला पाठच हवं. 1999 साली अपफेल नावाच्या भूलतज्ज्ञाने असा त्रास कुणाला जास्त होतो याच्या चार गोष्टी मांडल्या: पेशंट बाई असणं, विडी-सिगारेट न ओढणं, आधी कधी भुलेनंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणं. यातलं काहीच नसेल तर शंभरातल्या दहांना त्रास होतो, चारही असतील तर ऐंशींना. आता आपल्याकडची बाई बघ. विडी ओढत नाही, एसटीत बसली की खिडकीतून तोंड बाहेर. पानठेल्यावरचा तो गडी वर्षानुवर्षं विडी ओढतोय, त्याचं पोट शांत राहिलं. विडीची तारीफ करत नाहीये मी, नाहीतर सांगत सुटशील.

पण फरक असतो हे कळलं म्हणून तुझं काम झालं का? "बायकांना वेळ लागतोच" असं रजिस्टरला लिहून मोकळा होशील, तर सासूत आणि तुझ्यात फरक काय राहिला? तिला एकटीला विचार.

आणि त्याआधी दोघांचे डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून वाच. तुझ्या मेसेजवरून त्याची गाठ कपाळाच्या बाजूची दिसते, तिची मानेच्या वर, लहान मेंदूजवळची. तिथे जायला मानेचे स्नायू कापावे लागतात, म्हणून दुखणं जास्त. तोल सांभाळायचं कामही तिथलंच, म्हणून चक्कर आणि मळमळही जास्त. तिच्या जागी पुरुष असता तरी त्यालाही हे भोगावं लागलं असतं. शिवाय गाठीगाठीत फरक. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो; ग्लायोमा, म्हणजे खुद्द मेंदूतली गाठ, पुरुषांमध्ये जास्त. दोघांना "मेंदूचं ऑपरेशन" एवढ्या एका नावाखाली बसवून कोण लवकर बरं झालं हे ठरवणं, ही तुलनाच नव्हे. रक्ताचंही बघ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत 25 टक्के. ती टेबलावर गेली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन किती होतं? कार्डावर असेल. मेसेजमध्ये तू लिहिलेलं नाहीस.

बरं होणं मोजायची एक प्रश्नावली आहे, क्यूओआर-15. पंधरा प्रश्न, दीडशे गुण. त्यात एक प्रश्न असा, की कामाला किंवा घरच्या नेहमीच्या उद्योगाला परत लागता येतंय का. आता हा प्रश्न आपल्या वावरात आणून बघ. त्या माणसाचा नेहमीचा उद्योग म्हणजे सकाळी वावरात चक्कर आणि मग ठेला. तो दहापैकी दहा देणार. बाईचा उद्योग म्हणजे पाणी भरणं, चूल, धुणं, आणि सध्या कापूस वेचणं. कमरेला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीत वाकायचं आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घ्यायचं. त्याच डोक्यावर, जिथलं हाड अजून जुळतंय. ती तीन म्हणेल, तर सासू म्हणेल नाटकं. आणि ती दहा म्हणाली तर मला जास्त भीती वाटेल, कारण सासू शेजारी बसली असणार.

मी वॉर्डात असताना संध्याकाळच्या राऊंडला बाईच्या खाटेजवळून सगळ्यांना बाहेर काढायची. नवरा, सासू, आई, कुणीही असो. मग विचारायची, शून्य ते दहापैकी दुखणं किती. नातेवाईकांसमोर "बरी हावो मी" म्हणणारी बाई एकटी पडली की सात सांगायची, आठ सांगायची. केसपेपरवर मात्र "तक्रार नाही" लिहिलेलं. मी ते आकडे वेगळ्या वहीत उतरवले, वरिष्ठांना दाखवले. "सिस्टर, हे केसपेपरला लावता येत नाही," एवढं ऐकून वही परत आली. नातेवाईकांनी उद्धट म्हणून माझ्या तक्रारी केल्या आणि माझी बदली झाली. आजही कुणी भेटलं की म्हणतं, बाई, तुम्ही जरा गोड बोलला असता तर. गोड बोलून नवरा खाटेवरून उठत नाही रे! मी केलं तेच बरोबर होतं. सल एवढीच आहे, की त्या वह्या बदलीच्या धावपळीत तिथेच राहिल्या आणि बहुतेक रद्दीत गेल्या.

तू पुरुष आहेस, तुला अडचण येईल, मान्य. आशाताईला घेऊन जा. पण ती त्याच गावची सून असते, कधी पेशंटच्या सासूची भाचीही निघते, ते आधी बघ. बीपी मोजायचं निमित्त कर आणि "मशीनला शांतता लागते" म्हणून बाकीच्यांना ओसरीवर पाठव. हे खोटंही नाही, बोलत असताना बीपी वर जातं. आणि त्या गड्यालाही एकट्याला गाठ. ठेल्यावर चार जणांत तो "मस्त चाललंय" असंच म्हणणार. रात्री झोप लागते का, पिणं सुरू केलं का, झटक्याच्या गोळ्या चालू असताना मोटरसायकल दामटतो का, हे तिथे कळायचं नाही.

आता तिची सकाळची मळमळ. तू ती मेसेजच्या शेवटी सहज लिहिलीस आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. मेंदूत पाणी साचून दाब वाढला तर सकाळी डोकं दुखतं, उलटी होते. डेक्सामेथासोनच्या, म्हणजे मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या, गोळ्या हळूहळू कमी न करता अचानक बंद केल्या तरी मळमळ, घेरी, गळाठा येतो. आणि गोळ्यांची पट्टी संपली, पुन्हा आणायला पैसे नव्हते, हे ती नवऱ्यासमोर बोलणार नाही. झटक्यांवरचं औषध फेनिटोइन रक्तात जास्त झालं तर तोल जातो. तेच फेनिटोइन गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतं. ती माला-एन घेत होती का? पाळी कधी आली होती? दीड महिन्यात तिला हे कुणी विचारलंय? सासूसमोर तूही विचारू शकणार नाहीस, म्हणून घसा फोडून सांगतेय, एकटीला विचार. जाताना निश्चय किट, दिवस गेलेत का ते तपासायचं, खिशात ठेव. आणि दिवस गेलेले निघाले तर झटक्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायला सांगू नकोस, आधी नागपूरच्या डॉक्टरांशी बोल.

डोकेदुखी रोज वाढतेय, गुंगी येते, ताप आहे, जखमेतून पाणी येतंय किंवा झटका आला, यातलं एकही असेल तर मला विचारत बसू नकोस. 108 बोलव आणि त्याच दिवशी नागपूरला पाठव. यातलं काही नसलं तरी ही मळमळ या आठवड्यातच डॉक्टरांच्या कानावर गेली पाहिजे, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

उद्याच जा. सासू वावरात गेल्यावर, दहानंतर. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचे, नाव आणि मिलिग्रॅम वाचता येतील असे. मागच्या वेळी चमकणाऱ्या चांदीशिवाय काही दिसलं नव्हतं.

तुझी,
मॅडम