घर बांधताना : ठेकेदार पारखायचा कसा?

प्रश्न : कराडजवळच्या गावातलं आमचं जुनं मातीचं घर उतरवून तिथे १,१०० चौरस फुटांचं आरसीसी घर बांधायचं आहे. मिस्टर सैन्यात आहेत, त्यामुळे सगळं काम मलाच करून घ्यावं लागणार. तीन ठेकेदारांनी ‘विथ मटेरिअल’ (माल-मजुरीसह) दर दिलेत : फुटाला १,६५०, १,९५० आणि २,००० रुपये. १,६५०वाला दिरांच्या ओळखीचा आहे. ‘वहिनी, घरचंच काम समजून करतो’ म्हणतो, पण ३० टक्के उचल आधी मागतो. कुणावर विश्वास ठेवू? – एक वाचक, ता. कराड

उत्तर : ताई, १,६५०च्या दरानं तुमच्या घराचे होतात १८,१५,००० रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे ५,४४,५००. कुदळ पडायच्या आधी एवढी रक्कम कुणाच्याच हातात देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. ज्याला तुमच्या पैशांतून मागच्या गिऱ्हाइकाचं अडलेलं काम उरकायचं असतं, तोच बहुधा एवढी मोठी उचल मागतो. ५ टक्के बयाणा पुष्कळ झाला.

आता दराचं बघू. दोघांचे दर जवळजवळ आहेत आणि तिसरा ३०० रुपयांनी खाली, म्हणजे एकूण ३,३०,००० रुपयांचा फरक. हा फरक कुठून तरी निघतो. प्लिंथमधली (जोत्यातली) भरणी, जिना, छज्जे, पाण्याची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या यांतलं काय धरलंय आणि काय ‘एक्स्ट्रा’ लागणार, हे तिघांनाही एकाच कागदावर लिहून द्यायला सांगा. बाल्कनी नि पोर्च पूर्ण मोजणार की निम्मं, तेही विचारा. पण त्याआधी स्वतःचा इंजिनिअर नेमून नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग काढून घ्या. ‘आमचाच इंजिनिअर आहे, वेगळी फी कशाला’ असं ठेकेदार म्हणाला तर साफ नाही म्हणा. ज्याचं काम तपासायचं, त्याच्याच पगारावरचा माणूस काय तपासणार?

विश्वास बोलण्यावरून ठरवू नका, आणि रंगवून तयार झालेल्या घरावरूनही नाही. गिलावा आणि रंगाखाली सगळं झाकलं जातं. तिघांनाही विचारा, ‘तुमचा स्लॅब कुठं पडणार आहे?’ आणि आदल्या दिवशी तिथे जा. सेंट्रिंगच्या प्लेटवर (स्लॅबखालच्या साच्यावर) सळई नुसती टेकवलीय की खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) आहेत, ते वाकून बघा. स्लॅबला २० मिलिमीटर आणि कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर, लागतं. ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सारलेले दिसले, तर तुमच्याही घरी तेच होणार हे धरून चाला. कव्हर कमी पडलं की सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात. तेव्हा हा ठेकेदार कुठे शोधणार?

स्लॅबच्या दिवशी तासभर मिक्सरजवळ उभ्या राहा. साइटवर माल मिसळत असतील तर एम-२० या प्रतीच्या काँक्रीटचं प्रमाण साधं आहे : एक पोतं सिमेंट, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. फर्मा म्हणजे माल मोजायची पेटी, ३५ लिटरची, एका पोत्याएवढी. घमेल्यानं अंदाजे टाकत असतील तर प्रमाण राहत नाही. खरी गडबड मात्र पाण्यात होते. पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून गडी पाइप सोडून देतात. अशा वेळी ठेकेदार काय करतो, हे बघण्यासारखं असतं. तो गड्याला थांबवतो, की मोबाइलवर बोलत उभा राहतो? मला माणूस ओळखायला तेवढं पुरतं. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर खरोखर फिरतोय ना, हेही बघून घ्या.

पाच-सहा दिवसांनी न सांगता पुन्हा जा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं आहे का? कॉलमना गुंडाळलेलं गोणपाट ओलं आहे का? पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. कडक उन्हात मी १४ दिवसांचा आग्रह धरते.

शिवाय प्रत्येकानं बांधलेलं, दोन पावसाळे काढलेलं एखादं घर गाठा. मालकापेक्षा मालकिणीशी बोला. गच्चीखालची ओल, बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी, दाराची फुगलेली चौकट तिला पाठ असते. हिशेब शेवटी कितीनं वाढला आणि तक्रार केल्यावर माणूस आला का, हे दोन प्रश्न चुकवू नका.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही एकट्यानं काम करून घेणार आहात. तुम्ही प्रश्न विचारल्यावर ठेकेदार उत्तर दिरांकडे बघून देत असेल, ‘वहिनी, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही’ म्हणत असेल, तर त्याला काम देऊ नका. रोज साइटवर तुम्ही असणार, चूक तुम्हालाच दिसणार, आणि तो तुमचं ऐकणार नसेल तर काम हाताबाहेर जाईल. दिरांना वाईट वाटेल, पण ते दोन दिवसांत निवळेल.

करार स्टॅम्प पेपरवर करा. सिमेंट आणि सळईची कंपनी नि ग्रेड (सळईची ग्रेड एफई ५००डी म्हणून स्पष्ट लिहा), विटा, फरशीचा दर, नळ आणि वायरचं मेक, ज्यादा कामाचे दर, मुदत, सगळं त्यात हवं. पैसे टप्प्यानं आणि बँकेतूनच द्या : बयाणा ५ टक्के, पाया आणि प्लिंथ झाल्यावर २०, स्लॅब पडून पाणी मारून झाल्यावर ३०, वीटकाम-गिलाव्याला २०, फरशी-नळ-वायरिंगला १५, ताबा घेताना ५. उरलेले ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. प्रत्येक टप्प्याला इंजिनिअरची सही हवी. सळई आली की १२ मिलिमीटरची १२ मीटरची एक बार काट्यावर घाला. वजन १०.६ किलोच्या आसपास भरायला हवं. १०च्या खाली गेलं तर गाडी परत पाठवा.

या अटी ऐकून जो चिडेल तो आपोआप गळेल. उरलेल्या दोघांत मी ५० रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. ज्याच्या साइटवर गोणपाट ओलं असेल, त्याला काम देईन.

प्रश्न : ठाण्यातल्या फ्लॅटचं बाथरूम नवीन करायला दिलं होतं. २ लाखांपैकी १,६०,००० घेऊन ठेकेदार जुनी फरशी फोडून गायब आहे, फोन उचलत नाही. आता काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : घाईनं दुसरा मिस्त्री आत घेऊ नका. आधी इंजिनिअरकडून झालेल्या कामाची मोजणी, फोटो आणि लेखी अहवाल घ्या. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा : १५ दिवसांत काम पुरं करा, नाहीतर उरलेली रक्कम परत द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत २ वर्षं आहे, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि वकिलाशिवायही बाजू मांडता येते. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा.

नवा मिस्त्री आला की फरशी बसवायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून ठेवायला लावा, आणि खालच्या फ्लॅटचं छत स्वतः जाऊन बघा.